पहिल्या घासाची चटई

पश्चिमेचा वारा एकदा लागला की बाहेरचा समुद्र आम्हाला बंद होतो. त्या वर्षी तो लागला तो थांबायचं नाव घेईना. होड्या माडांखाली उपड्या पडल्या होत्या, त्यांच्या बाजूच्या तोलाच्या उलांड्या सुटून वाळूत रुतल्या होत्या, आणि एका सकाळी पाहतो तर मानेआबाचं अर्धं छप्पर वाऱ्याने उचलून बेटाच्या आतल्या बाजूच्या उथळ पाण्यात नेऊन टाकलेलं. मानेआबा म्हणजे गावाचा एकच मोठा मांडव, भिंती नाहीत, नुसते खांब आणि छप्पर. भांडण तिथे, नाच तिथे, मेलेला माणूस ठेवायचा तोही तिथेच. तो उघडा पडला म्हणजे गाव उघडं पडलं. तेव्हा पुरुष खांबांवर चढले, आम्ही बायका केतकीची पानं शिवायला बसलो, आणि छप्पर पुरं झालं की मोठं जेवण घालायचं ठरलं.

मोठ्या जेवणाला तांबोशी हवी. बारीकसारीक मासळीवर मानेआबाचं जेवण उरकत नाही, आमच्या गावात तरी नाही. आणि वारा असा असताना तांबोशी मिळायची जागा एकच उरली होती, नवा चर.

मोठ्या बोटी थेट किनाऱ्याला लागाव्यात म्हणून बाहेरच्या लोकांनी येऊन सुरुंगाने खडक फोडला आणि हा चर काढला. त्या दिवशी मेलेले मासे पाण्यावर पसरले होते आणि आम्ही टोपल्या घेऊन धावलो होतो. कुणालाही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोला. बोटी काही आल्या नाहीत. पोवळ्याचा खडक मात्र पांढरा पडला आणि वर्षभरात त्याच्यावर तपकिरी लव चढली, मांजराच्या पोटासारखी मऊ. पोवळ्याच्या फटीत राहणारे निळे-पिवळे बारके मासे गेले, खेकडे गेले. पूर्वी होडीच्या तळाला कान लावला की खडकातून सारखी कुरकुर ऐकू यायची, चुलीवर खोबरं तडकल्यासारखी. ती बंद झाली. आता कान लावला तर आपल्याच रक्ताचा आवाज यायचा.

पण मासे नव्हते असं नाही. तेच तर. ती लव चरायला पट्ट्यांचे मासे आले, इतके की पाण्याखाली ढगाची सावली सरकावी. त्यांच्या मागे तांबोश्या आल्या, लालभडक, फुगलेल्या, आणि धीट. होडी पाहून हलायच्या नाहीत. माझ्या शेजारचा बारानिको म्हणायचा, "गळ टाकायच्या आधीच तोंड उघडून उभ्या असतात मावशी, वाट बघत असल्यासारख्या." आणि हसायचा. मला ते ऐकून अंगावर काटा यायचा, पण मासा घरात आला की मीही चूल पेटवायचे.

बारानिकोचं घर म्हणजे म्हातारा तोकाताके, त्याचा मुलगा बारानिको आणि सून रोतिया. त्यांच्याकडे जमीन म्हणजे चार माड आणि कंद लावायचा अर्धा खड्डा. पण मानेआबात प्रत्येक घराची जागा ठरलेली असते, आणि यांची जागा मधल्या खांबाशी. तिथे एक चटई होती, बारीक विणीची, काळ्या काठाची, जेवणापुरतीच उलगडायची. त्या चटईवर बसेल त्याला माशाचं डोकं. त्याने डोकं खायचं, करवंटीतलं विहिरीचं पाणी प्यायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "गार आहे." एवढं म्हटलं की सगळं गाव जेवायला मोकळं. ते म्हणेपर्यंत पोर रडून निळं पडलं तरी कुणी पानाला हात लावायचा नाही.

का, असं कुणी विचारत नव्हतं. मान होता. ज्याने मासा पकडला त्याने पहिला घास घ्यायचा नाही, हा एक नेम. आणि त्या घरातलं कुणीच बसलं नाही तर चटई शेजारच्या जागेवर सरकायची, हा दुसरा. शेजारच्या जागेवर कौतुना. तो त्या चटईकडे बघत बघतच म्हातारा झाला होता.

जेवणाच्या आधी मी आणि रोतिया बाबाईचे कंद काढायला खड्ड्यात उतरलो होतो. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, वर पानांची छत्री, वारासुद्धा आत येत नाही. रोतिया शेजारच्या बेटावरची. तिचे दिवस भरत आले होते, तरी कंद उपटताना माझ्यापेक्षा तिचीच ताकद जास्त. एकाएकी ती थांबली आणि हातातली पहार चिखलात रोवून उभी राहिली.

"मावशी, एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"हसण्यासारखं असेल तर हसणार."

"परवा यांनी चरातले पट्ट्यांचे मासे आणले होते. मी नुसतं कालवण प्यायले, तेही घोटभर. नंतर सगळा वेळ हे आत धावत होतं."

"पोरं लाथा मारतातच गं. माझ्या तिसऱ्याने तर बरगडी दुखवली होती."

"लाथा नाहीत. लाथ कळते मला." तिने चिखलाचा हात पोटावर ठेवला. "धावत होतं. इकडून तिकडे, इकडून तिकडे. दार शोधत असल्यासारखं. आणि सकाळी तोंड धुवायला पाणी घेतलं तर दुपारपर्यंत गालांना चटके बसत राहिले. गार पाण्याचे."

मी हसले नाही. कसं हसणार? गार पाण्याचे चटके आमच्या कुंपणापलीकडेच राहत होते. मागच्या मोठ्या जेवणाला तोकाताकेने चरातल्या तांबोशीचं डोकं खाल्लं होतं आणि त्या संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. उलट्या थांबल्या, पण तेव्हापासून त्याला ओल्या वाळूवर पाय टेकवत नव्हता. पायांना नारळाची सोडणं बांधून फिरायचा. पाणी तापवून प्यायचा. पाऊस आला की घरात शिरून अंग चोळत बसायचा, कुणी निखारे टाकतंय असं म्हणायचा. पोरं त्याच्या चालीची नक्कल करायची. गाव म्हणालं, वय झालं. वय झालं म्हटलं की गावाला पुढे काही करावं लागत नाही.

"बाबांना बसवत नाही चटईवर," रोतिया म्हणाली. "हे पकडणार, म्हणजे यांना चालत नाही. मग कोण उरलं?"

मी कंद धुऊ लागले. उत्तर दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बारानिको होडी भरून आला. एवढी तांबोशी मी एका होडीत कधी पाहिली नव्हती. सगळ्यात मोठी तर लहान डुकराएवढी, डोळे काचेसारखे, आणि होडीतून काढेपर्यंत तिने एकदाही शेपूट आपटलं नाही. बारानिको नुसता हुरळून गेला होता. खारं पाणी वाळून त्याच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटले होते.

"बघितलंस बाबा? छपराला शोभेल असं जेवण होणार!"

तोकाताके सोडणं फरफटत आला, सुरी घेऊन खाली बसला आणि कुणाला काही न विचारता त्या मोठ्या माशाचं पोट चिरलं. आत पट्ट्यांचा मासा होता, अजून अख्खा. म्हाताऱ्याने त्याचंही पोट चिरलं. आत ती तपकिरी लव, गोळा होऊन बसलेली. ती त्याने सुरीच्या टोकावर घेऊन मुलासमोर धरली.

"हे ओळखलंस?"

"शेवाळ आहे. मासे शेवाळ खातात बाबा, आजचं नाही ते."

"पोवळं जिवंत होतं तेव्हा हे तिथे होतं का? घर मोडलं, मग हे राहायला आलं. हे आलं म्हणून पट्टेवाले आले, ते आले म्हणून ह्या आल्या. आणि यांच्या मागे कोण आलं?"

बारानिको गळाची दोरी गुंडाळू लागला.

"आपण आलो," म्हातारा म्हणाला. "विष एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात सरकत येतंय रे. सगळ्यात मोठ्या पोटात सगळ्यात जास्त साठतं. त्यातही डोक्यात."

तेवढ्यात कौतुना आला. माशांचा वास त्याला बेटाच्या दुसऱ्या टोकावरून लागायचा. त्याने वाकून पाहिलं, चिरलेल्या पोटापाशी मुंग्यांची रांग लागली होती, आणि त्याचं तोंड फुललं.

"मुंग्या चढल्यात की! विषाचा मासा असता तर मुंगी फिरकली असती का? तोकाताके, तुझं पोट बिघडलं म्हणून गावाने उपाशी राहायचं का?"

"माझा आजा सांगायचा," म्हातारा शांतपणे म्हणाला, "पहिला घास सकाळच्या भरतीला घ्यायचे आणि गाव जेवायचं संध्याकाळच्या भरतीला. मधल्या वेळात त्या चटईवरच्या माणसाला कुणी हलू द्यायचं नाही. मग शेवटी पाणी द्यायचे."

"आणि पोरं दिवसभर उपाशी?"

"म्हणून तर पाद्री आल्यावर ती वेळ कमी झाली. आधी दुपारपर्यंत, मग एका गाण्यापुरती, आता एका प्रार्थनेपुरती. घास तेवढा राहिला, थांबणं गेलं."

मी तिथेच खवले काढत होते. माझा हात थांबला. आयुष्यभर मी त्या मधल्या खांबाकडे मान म्हणून पाहिलं होतं. त्या घरातले पुरुष किती लवकर गेले, किती जणांचे हात कापायचे, कुणाची बायको कायम तापवलेलं पाणी न्यायची, हे सगळं डोळ्यांपुढून सरकू लागलं. आम्ही त्या घराला डोकं देत होतो, आणि ते ताठ मानेने खात होते.

कौतुना मात्र हसला. "म्हणजे तुमचा मान म्हणजे मांजराला आधी तुकडा टाकून बघतात, तसं म्हणायचं?"

बारानिकोला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो बापाकडे न बघता म्हणाला, "आमचं घर बसेल. रोतिया बसेल."

घरात त्यांचं काय झालं ते मला कुंपणातून ऐकू आलं. ऐकायला कान लावायची गरज नव्हती.

"एक घास, रोतिया. एका घासाने काय होतंय?"

"तुमच्या बापाला विचारा काय होतं."

"बाबांनी आयुष्यभर खाल्लं! त्यांच्या बापाने खाल्लं! आपल्याकडे दुसरं काय आहे सांग? चार माड. उद्या ती चटई गेली तर माझ्या पोराने कुठे बसायचं, मांडवाच्या कडेला?"

"पोर झालं तर बसेल ना."

मग बारानिकोचा आवाज, अगदी खालचा. "तू परक्या बेटावरची. तुला नाही कळणार."

जेवणाच्या दिवशी वारा पडला होता. सगळ्यांना बरं वाटलं, मला नाही वाटलं. नव्या छपराला हिरव्या पानांचा वास होता, आणि त्याखाली उजेडही हिरवा, माणसांची तोंडं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. मांडवाभोवती एरवी पक्षी यायचे, उष्ट्यावर झडप घालायला. त्या दिवशी एकही आला नाही. माझ्या मांजरीने आतडं पळवलं होतं, ती सकाळपासून कुडाखाली बसून मागचे पाय चाटत होती. मी हाक मारली तर तिने पुढचं अंग उचललं आणि मागचं तसंच राहिलं.

मधल्या खांबाशी चटई उलगडली. केळीच्या पानावर ते डोकं ठेवलं, बाजूला पाण्याची करवंटी. पुकारा झाला, "पहिला घास!"

तोकाताकेच आधी उठला. सोडणं ओढत पुढे आला आणि म्हणाला, "मी बसतो. पण संध्याकाळच्या भरतीपर्यंत कुणी जेवायचं नाही."

मांडवात कुजबूज झाली. पोरं चुळबुळत होती, ताटांवर पानं झाकलेली होती. कौतुना बसल्या जागेवरून म्हणाला, "तुला बसून काय उपयोग तोकाताके? तुला तर सगळंच पाणी चटकतं. तू भाजलं म्हणालास तर ते आजच्या माशाने की जुन्याने, हे आम्ही कसं ओळखायचं?"

लोक हसले. हसण्यासारखं नव्हतं, खरं होतं ते. म्हातारा तिथेच उभा राहिला, पायांना सोडणं बांधलेला. एवढ्या वर्षांत त्या माणसाला त्या खांबापाशी मी असं उभं पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मग सगळ्या माना रोतियाकडे वळल्या.

ती उठली. पोटाला आधार देत चटईपाशी गेली. बारानिकोने श्वास सोडल्याचं मला दिसलं. ती खाली बसली, त्या डोक्याकडे पाहिलं. माशाचे डोळे शिजून पांढरे झाले होते. तिने हात पुढे केला, आणि त्याच क्षणी तिच्या लुगड्याखाली पोट हललं, बाहेरून दिसेल एवढं, कुशीपासून कुशीपर्यंत. समोर बसलेल्या बायकांनी ते पाहिलं.

रोतियाने हात मागे घेतला. पान आणि करवंटी बाजूला सरकवली. मग चटई गुंडाळली, नीट, काठाला काठ जुळवून, आणि नेऊन कौतुनाच्या गुडघ्यांपाशी ठेवली.

"आमच्या घराला भूक नाही," ती म्हणाली.

मांडवात केवढा गलका झाला! कुणी म्हणालं परक्या बेटाची, कुणी म्हणालं बायकांना बसवलं की असं होतं. बारानिको खाली मान घालून बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता कडेला सरक." आणि खरंच, तो उठून मांडवाच्या कडेला जाऊन बसला.

कौतुनाने चटई उलगडली. हात फिरवून सुरकुती काढली. मग मांडी घालून बसला आणि ते डोकं खाल्लं, गाल, जीभ, डोळ्यांमागचं मऊ मांस, बोटं चाटून चाटून. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, भुकेल्या माणसांसाठी म्हणतात तेवढीच लांब. कौतुनाने करवंटी तोंडाला लावली आणि चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात घोळवलं, सगळ्यांनी बघावं म्हणून.

"गार आहे!"

आम्ही जेवलो. मीही जेवले. मासा गोड होता, हे सांगायलाच हवं. बारानिको कडेला बसून दोन्ही हातांनी खात होता. रोतिया आणि म्हाताऱ्याने नुसता कंद खाल्ला.

नाच सुरू झाला आणि ऊन कललं तेव्हा पहिल्यांदा एक नाचणारी पोरगी ओळीतून बाहेर पडून खांबाला टेकली. मग दुसरी. ढोलवाल्याने बोटं झटकली, पुन्हा वाजवलं, पुन्हा झटकली. माझ्या ओठांवर कुणीतरी बारीक सुया टोचत असल्यासारखं वाटलं. मग पोटात कळ आली, आणि मग मांडवाच्या चहूबाजूंना माणसं वाळूत ओणवी झालेली दिसू लागली, सूर्य बुडायच्या आतच.

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. उजाडल्याचं आठवतं. दव पडलं होतं, आणि ते जिथे जिथे अंगाला लागलं तिथे चटका. उलट्यांनी घसा कोरडा, पाण्याचा तांब्या हाताशी, आणि तांब्याला हात लावला की तो तापलेल्या तव्यासारखा. मी तांब्याला हात लावून रडले, मोठी बाई असून. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता, ओरडण्याचा नव्हे, हळूहळू कण्हण्याचा, आणि मधूनच कुणीतरी पाणी सांडल्याचा. तहानलेलं गाव पाण्याला घाबरून बसलं होतं. माझी मांजर कुडाखाली मरून पडली होती.

मग धूर दिसला. रोतियाने अंगणात मोठी चूल पेटवली होती, तोकाताके सोडणांवर उभा राहून तिला काटक्या देत होता. ती पाणी तापवत होती. करवंट्या भरून ती घरोघरी फिरली, पोटुशी बाई, वाकून वाकून.

"पी मावशी. तापवलंय. हे चटकणार नाही."

मी प्याले. वाफ निघत होती त्या पाण्यातून, आणि जिभेला ते गार लागलं, झऱ्याचं असावं तसं. ते इतकं चांगलं लागलं की मला त्याचीच भीती वाटली.

कुणी मेलं नाही. डुकरं गेली, कोंबड्या गेल्या, पण माणूस गेलं नाही. बारानिकोची नाडी मात्र फार मंद चालायची, तो अंथरुणावर पडून छपराकडे बघत राहायचा आणि रोतिया त्याला चमच्याने ऊन पेज भरवायची. तो एकदा तिला म्हणाला, "रागावलीस?" ती म्हणाली, "गिळा आधी."

उलट्या थांबल्या, पण चटके राहिले, सगळ्या गावाला. मग एका दुपारी गावातली मंडळी आली. मी तिथेच चुलीपाशी बसले होते. पुढे पाद्री, मागे चार वडीलधारी माणसं, आणि सगळ्यांत मागे कौतुना. त्याने पायांना सोडणं बांधली होती. काखेत ती चटई होती.

त्याने ती रोतियासमोर ठेवली. दोन्ही हातांनी.

"तुमची आहे," तो म्हणाला. "चूक झाली माझी. ती जागा तुमच्याच घराची."

रोतिया चुलीत फुंकर घालत होती.

पाद्री खाकरले. "पोरी, गावाने विचार केला. नेम पुन्हा जुन्यासारखा करायचा, भरतीपासून भरतीपर्यंत थांबायचं. वारा पुन्हा लागलाय, बाहेर जाता येत नाही, चराशिवाय मासा नाही. तेव्हा चाखणारं कुणीतरी हवंच."

"मग चाखा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कौतुनाच म्हणाला, अगदी अजिजीने. मी त्या माणसाला आयुष्यात कधी अजिजी करताना ऐकलं नव्हतं.

"आमच्याने कसं होणार? आम्हाला सगळ्यांनाच चटकतं आता. गार पाण्याला गार म्हणेल असं माणूस गावात तू एकटीच उरलीस." तो थांबला. त्याची नजर खाली तिच्या पोटावर गेली. "तू आणि ते. बाळंत होईपर्यंत आम्ही थांबू, घाई नाही. मुलगा होवो, मुलगी होवो, मान त्याचाच."

त्यांनी माना लववल्या. खरंच लववल्या, त्या पोटासमोर. सगळे किती प्रेमाने बघत होते! मला त्या उन्हात थंडी वाजली, आणि ती थंडी भाजत होती.

बारानिको आत पडल्या पडल्या ऐकत होता. तो कोपरावर उठला. "रोतिया," तो म्हणाला.

रोतियाने चटई उचलली. काळा काठ बोटांनी चाचपला. वीण फार सुंदर होती, तिच्या सासऱ्याच्या आजीच्या हातची. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली, एकदाच.

"चरातला मासा खायचा नाही," ती म्हणाली. "मग चाखायला कुणी लागत नाही. बाबाई आहे, नारळ आहे. वारा काय जन्मभर राहणार आहे?"

आणि तिने ती चटई गुडघ्यावर दुमडून चुलीत सारली.

केतकीची वाळलेली पानं ती, भडकन पेटली. कौतुना एक पाऊल पुढे आला आणि थांबला. काळा काठ शेवटी जळला, वळून वळून. पातेल्याखाली जाळ चांगला लागला, आणि पाण्याला आधण आलं.

रोतियाने करवंटी भरली. ती कुणाला द्यावी हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तोकाताके खाली बसला, नुसत्या मातीवर, आणि दोन्ही हातांनी करवंटी धरून ते वाफेचं पाणी हळूहळू प्यायला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते, इतक्या वर्षांची सवय. त्याने करवंटी खाली ठेवली, ओठ पुसले आणि सुनेकडे बघून म्हणाला, "गार आहे."